सोप्यातल्या झोपाळ्याच्या कड्या

आन्सी, फ्रान्स
रविवार रात्र

चि. छोटू,

अनेक आशीर्वाद. आई-बाबांना आणि आजीला नमस्कार सांग.

परवाचा गच्चीवरचा फोटो मिळाला. मागे पांडवगड, अंगात पॅराग्लायडिंगचा हार्नेस, आणि पहिली सायकल घेतलीस तेव्हा होतं तसं तोंडभर हसू. बघून फार बरं वाटलं. मग तोच फोटो मोठा करून एकेक पट्टा बघत बसले आणि झोपच उडाली. डाव्या खांद्याचा पट्टा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड आहे. छातीचा पट्टा पार शेवटपर्यंत आवळलेला. मांडीचे पट्टे तर इतके सैल की गुडघ्याकडे लोंबतायत. फोनवर सांगायला जावं तर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून सविस्तर लिहितेय. हे कागद हार्नेसच्या पिशवीतच ठेव.

पाऊस उघडला की ऑक्टोबरात पाचगणीला पुन्हा उड्डाणं सुरू होतील, तुझ्या कोर्सचा पुढचा टप्पाही. म्हणजे हातात दोन-तीन आठवडे आहेत. हार्नेस अंगाला जुळवायचं काम या दिवसांत, घरी, निवांत करायचं. टेकऑफवर नाही. तिथे वारा छान लागलेला असतो, मागे चारजण खोळंबलेले असतात, आणि माणूस 'चालतंय की' म्हणून निघतो.

मीही अशीच निघाले होते. घरी कधी सांगितलं नाही, आज सांगते. इथे शिकायला लागून दुसरं वर्ष होतं. माझा हार्नेस शिवणीला दिलेला, म्हणून एका उंच मुलीचा मागून आणला. खांद्याचे पट्टे ओढून घेतले, बाकी काही बघितलं नाही. फोर्क्लाझच्या टेकऑफवरून धावले, पाय सुटले, आणि बसायला गेले तर बसताच येईना. मांडीचे पट्टे सैल असल्यामुळे मी खाली लोंबकळत राहिले आणि बैठक पाठीमागे वर अडकली. मग मी सगळ्यात मोठी चूक केली. उजवा ब्रेक, म्हणजे डोक्यावरची कापडी विंग वळवायची दोरी, सोडला आणि त्या हाताने बैठक मांडीखाली ढकलायला लागले. डावा हात ब्रेकसकट आपोआप खाली ओढला गेला आणि विंग डावीकडे वळली. डावीकडे डोंगर होता. झाडांचे शेंडे बुटांच्या इतके जवळ आले की ओल्या पाल्याचा वास आला. बैठकीचा नाद सोडून ब्रेक पकडला, सरळ बाहेर निघाले, आणि खालच्या मैदानापर्यंतची दहा-बारा मिनिटं तशीच लटकत काढली. उतरल्यावर पायांना मुंग्या, उभं राहता येईना. हार्नेस चांगला होता, विंग चांगली होती, वाराही चांगला होता. दोन पट्टे तेवढे माझ्या मापाचे नव्हते.

तुझा हार्नेसही दुसऱ्याच्या अंगचा आहे. तुझा मित्र सहा फुटी, तू साडेपाच. म्हणून पट्ट्यांना हात लावण्याआधी पाठीच्या आतल्या बाजूचं लेबल वाच. त्यावर साइज असते, बनवल्याचं वर्ष असतं, आणि ईएन १६५१ हा हार्नेसच्या युरोपियन मानकाचा आकडा असतो. साइज मुळात दोन नंबर मोठी असली तर पट्टे कितीही ओढलेस तरी उपयोग नाही. तो परत दे, पैशाचं मी बघते. साइज बरोबर असली तर एकेक पट्टा बोटांतून सरकवत बघ. कुठे धागे उसवलेत का, कुठे कड घासून केसाळ झालीय का, रंग उडून पट्टा कडक झालाय का. उन्हाने पट्ट्याचा जोर जातो, तेव्हा गच्चीवर वाळत घालणं आजपासून बंद. बकल लावलं की 'खट' आवाज आलाच पाहिजे, आणि आवाज आल्यावरही एकदा हिसडा देऊन बघायचा.

कॅराबिनर, म्हणजे हार्नेस विंगला जोडणाऱ्या कड्या, मात्र जुने वापरायचे नाहीत. तुझं सगळं वजन त्या दोन कड्यांवर असतं. हवेत दर क्षणाला ताण कमी-जास्त होत राहतो आणि धातू आतून थकतो, वरून काही दिसत नाही. बनवणारे किती वर्षांनी किंवा किती तासांनी बदलायचे ते लिहून देतात, पण तुझ्या मित्राने तास मोजलेलेच नाहीत. नवी जोडी मी पाठवतेय.

आता झोपाळा. हार्नेस टांगून त्यात बसून बघायचं ते त्याच्याच जागी. आपल्या सोप्यातल्या तुळईच्या कड्या पणजोबांच्या वेळच्या. चार माणसं बसून झोके घेतात, तुला सहज पेलतील. बाबांना मदतीला घे आणि फळी-साखळ्या उतरव. दोन कड्यांतून जाड लोखंडी नळी आडवी टाक आणि तिला दोन मजबूत दोर बांध, दोघांमधलं अंतर साधारण हातभर. कड्यांनाच थेट दोर बांधू नकोस, त्या एकमेकींपासून फार लांब आहेत. कॅराबिनर बाहेरच्या बाजूला ताणले जातील आणि सगळं माप चुकेल. खाली गादी घाल. बसल्यावर पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले की पुरे.

रिकामा हार्नेस टांगू नको. उडताना जे जे बरोबर असणार ते सगळं त्यात भर: रिझर्व्ह (संकटात उघडायची जादा पॅराशूट), पाण्याची बाटली, विंगची घडी केलेली पिशवी, जर्किन. पाठीमागचं वजन बदललं की बसण्याचा कोन बदलतो. अंगावर उडायचे कपडे आणि पायात तेच बूट हवेत.

सुरुवातीला सगळे पट्टे सैल सोड. आधी मांडीचे लाव. उभं राहिल्यावर मांडी आणि पट्टा यांच्या मधून तळहात सपाट जायला हवा, मूठ जाता कामा नये. अंगणात दहा पावलं धावून बघ. पट्टा जांघेत रुतला तर धावता येणार नाही, आणि लोंबला तर माझ्यासारखं होईल. मग टांगून घे. खांद्याचे पट्टे सगळ्यात शेवटी, बसल्यावर जुळवायचे. ते वजन पेलायला नसतात, ते फक्त धड सावरतात. खांद्याला नुसते टेकले की बास. फार ओढलेस तर पोक काढून बसशील, फार सैल ठेवलेस तर मागे कलंडशील. दोन्हीकडची लांबी आईच्या शिवणाच्या टेपने मोज आणि वहीत लिहून ठेव. नुसत्या डोळ्याला चार बोटांचा फरकही कळत नाही, तुझ्या फोटोतच बघ. डावी-उजवी बाजू सारखी नसली की विंग सारखी एका अंगाला ओढतेय असं वाटतं, आणि नवखा माणूस दोष विंगला देतो.

कमरेजवळच्या बाजूच्या पट्ट्यांनी पाठ किती रेलायची ते ठरतं. आरामखुर्चीसारखं रेलून बसायचा मोह होतो, पण सध्या नको. माणूस जितका आडवा, तितकं त्याला वळायला जड जातं. विंगने एकदम गिरकी घेतली की ती फिरते आणि माणूस मागे राहतो, वरचे रायझर, म्हणजे कॅराबिनरपासून विंगच्या दोऱ्यांकडे जाणारे पट्टे, एकमेकांना पीळ घेतात आणि ब्रेक अडकतात. तू सध्या ताठ बस. आजी ओट्यावर तांदूळ निवडायला बसते तशी पाठ हवी, किंचित मागे, बस्स.

आता ज्याने माझी झोप उडाली तो छातीचा पट्टा. दोन कॅराबिनरमधलं अंतर त्याने ठरतं. पट्टा घट्ट आवळला की हवेत शांत वाटतं, डुगडुग कमी होते. नवीन मुलं म्हणूनच तो आवळतात, तूही तसंच केलंस. पण रायझर जवळ आले की पीळ पडायचा धोका वाढतो, आणि अंग झुकवून विंग वळवायला गेलं की ती ऐकत नाही. उलट पट्टा पार सैल सोडला, तर विंगची एक बाजू मिटल्यावर तू त्याच बाजूला कलंडतोस आणि ती आणखी वळते. विंगची चाचणी होते ती ठरावीक अंतर ठेवूनच. विंगच्या चाचणीच्या ईएन ९२६-२ या मानकाप्रमाणे सामानसुमानासकट एकूण वजन ८० किलोच्या आत असेल तर ४० सेंटिमीटर, ८० ते १०० मध्ये ४४, त्याच्या वर ४८, दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे. तू ६२ किलोचा, वर विंग, हार्नेस, हेल्मेट, पाणी धरलं की ऐंशीच्या थोडा पुढे जाशील. म्हणजे तुला ४४. विंगच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धर. बाबांना टेप धरायला सांग, एका कॅराबिनरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. मोजताना तू लटकलेला पाहिजेस. उभ्याने मोजलेलं माप चुकतं.

एवढं झालं की खरी परीक्षा घे. उभ्या अवस्थेत लटक, दोन्ही हात वर, ब्रेक धरल्यासारखे, आणि हात खाली न आणता बैठकीत बसून दाखव. गुडघे वर घे, पाठ मागे टाक, बूड आपोआप आत सरकलं पाहिजे. वीस वेळा कर. एकदाही हात लावावा लागला तर मांडीचे पट्टे पुन्हा बघ. उलटंही कर, बसलेला असताना पाय खाली टाकून सरळ उभा हो. लँडिंगच्या वेळी ते लागतं. पायावर उतरायचं, बुडावर नाही. पाठीखालचा फोम किंवा एअरबॅग हा शेवटचा उपाय आहे, तिच्या भरवशावर राहू नये. फोम ओला नाही ना आणि एअरबॅगचं कापड फाटलेलं नाही ना, एवढं मात्र बघ.

स्पीडबार, म्हणजे पायाने दाबून विंगचा वेग वाढवायची दांडी, तुला इतक्यात वापरायचा नाही, पण त्याच्या दोऱ्या आखूड नाहीत ना बघ. आखूड असल्या तर पाय न लावताही त्या रायझर खाली ओढून धरतात. म्हणजे विंग तुझ्या नकळत कायम वेगात उडते आणि लवकर मिटते.

रिझर्व्ह शेवटचं कधी पॅक केलं ते मित्राला आठवत नाही म्हणालास. मग ते न उघडता उडायचं नाही, यावर मी अडून बसणार आहे. बनवणाऱ्यांनी मुदत दिलेली असते, साधारण सहा महिने ते वर्ष. वाईच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्या पिशवीतल्या कापडाचं काय झालं असेल? वेलक्रोही वर्षानुवर्षं न उघडल्याने घट्ट चिकटून बसतो. तुझ्या इन्स्ट्रक्टरांकडे हार्नेससकट घेऊन जा, त्यांच्यासमोर टांगून घे आणि हँडल ओढून रिझर्व्ह खरंच बाहेर येतं का बघ, मग त्यांच्याकडूनच पॅक करून घे. घरी एकट्याने ओढू नकोस, परत नीट घालता येणार नाही. घरी करायचं ते इतकंच: लटकलेला असताना डोळे मीट, हात कमरेवरून सरकव आणि हँडलला लाव. शंभर वेळा कर. प्रसंग आला की मान खाली घालून शोधायला वेळ मिळत नाही.

आणि छोटू, मांडीचे बकल. अनुभवी माणसंही ते लावायला विसरतात. विसरतात कशी ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळं लावून झालेलं असतं, मग फोन वाजतो किंवा कुणीतरी हाक मारतं. माणूस दोन बकल सोडून बाजूला जातो, परत येतो, छातीचं लावतो आणि निघतो. पाय सुटले की तो बगलांवर लटकतो आणि हळूहळू खाली घसरतो. यात माणसं गेली आहेत. आता बऱ्याच हार्नेसमध्ये छातीचं बकल लावायचं तर मांडीचंही लागतंच, अशी जोडणी असते. तुझा जुना आहे, त्यात ती दिसत नाही. म्हणून एकच सवय लाव: हार्नेस घालताना पाय सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी. विंगला जोडलेला असताना मांडीचे पट्टे उघडायचेच नाहीत. निघायच्या आधी हात लावून मोठ्याने म्हणायचं: डावा पाय, उजवा पाय, छाती, कॅराबिनर, हेल्मेट. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा 'डावा पाय'पासून. मग दोऱ्या, विंग, वारा, समोरची हवा. कुणी हसलं तर हसू दे.

इथून जवळच म्युसी म्हणून गाव आहे. १९७८ साली तिथे तिघांनी विमानातून उडी मारायची पॅराशूट घेऊन डोंगरावरून धावत उड्डाण केलं, त्यातून हा खेळ उभा राहिला. गेल्या महिन्यात तिथे जाऊन आले. गावाच्या वरच्या उतारावर उभी राहिले आणि पसरणीचा घाट चढून टेबललँडवर जायचो ते आठवलं. इथलं फोर्क्लाझचं टेकऑफही पाचगणीच्या उंचीच्या आसपास, साडेबाराशे मीटरला. खाली धोमच्या पाण्याऐवजी आन्सीचं तळं. तू इथे येशील तेव्हा आपण दोघं उडू.

दिवाळीला येणं जमत नाही, आईला मी वेगळं सांगते. ओळखीचं एक कुटुंब पुढच्या आठवड्यात पुण्याला येतंय, त्यांच्याबरोबर कॅराबिनरची जोडी देतेय. त्यांच्या परतीच्या सामानात साताऱ्याचे कंदी पेढे द्यायला विसरू नका.

टांगून झालं की बाजूने काढलेला एक फोटो पाठव, कान, खांदा आणि कंबर दिसेल असा. समोरून एक, टेप कॅराबिनरवर धरलेली. ते बघून मी हो म्हणेपर्यंत पाचगणीला जाऊ नकोस. आणि झोपाळा संध्याकाळच्या आत परत चढव. आजी जेवण झालं की तिथेच बसते.

तुझी
ताई