नाना, तुमच्यामुळे आप्पांच्या घागरीला ताई वेळेवर पोचली

रामराम नाना,

ओळख पटतेय का बघा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी भर दुपारी अमळनेर-धुळे रस्त्यावर तुमच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानापर्यंत काळी हिरो होंडा स्प्लेंडर ढकलत आणणारा चोपड्याकडचा पोरगा, तो मी. तुम्ही फोन वापरत नाही म्हणालात, पण तुमचा मुलगा हे वाचून दाखवेल अशी आशा आहे, आणि नाही दाखवलं तरी चार लोकांना कळावं म्हणून लिहितोय.

त्या दिवशी घाईत तुम्हाला नीट सांगता आलं नाही की ती गाडी माझ्या आप्पांची. १९९८ ची, एमएच-१९ पासिंग, टाकीवर अजून हिरो होंडाच लिहिलेलं आहे. आप्पा गेले मागच्या पावसाळ्यात, म्हणजे ही त्यांची पहिलीच आखाजी, आणि आईचं एकच म्हणणं होतं की त्यांच्या नावाने घागर भरताना ताई घरात पाहिजे. ताई दिली धुळ्याकडे, दाजी कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून मी तिला घ्यायला निघालो होतो.

क्लचचा त्रास तसा दोन महिन्यांपासून होता. लिव्हर पूर्ण दाबला तरी पहिल्या गिअरला गाडी पुढे ओढायची, गर्दीत न्यूट्रल लागायचा नाही, थांबलं की बंद. इकडे एका गॅरेजात दाखवली तर त्यांनी क्लच प्लेटा बदलल्या, आठ दिवस बरी चालली मग परत तेच, मग क्लच वायर नवीन टाकली, परत तेच, शेवटी म्हणाले इंजिन खोलावं लागेल, जुनी गाडी आहे, कशाला खर्च करता, भंगारात द्या. मोठा भाऊही तेच म्हणायला लागला होता आणि खरं सांगतो माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

तर त्या दिवशी अमळनेरात आखाजीच्या बाजाराची गर्दी, डांगराच्या (खरबुजाच्या) गाड्या दोन्ही बाजूंना लागलेल्या, त्यातून क्लच धरून सोडून गाडी इतकी तापली की गाव सोडल्यावर लिव्हर दाबला काय न दाबला काय एकच झालं. एका गतिरोधकाला बंद पडली ती पडलीच. दुकानं सगळी सणाची घाई म्हणून बंद व्हायला लागलेली. तुम्ही पंपाच्या मोटारीला वार्निश लावत बसला होता, मान वर करून विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" आणि मी प्लेटा, वायर, इंजिन सगळं एका दमात सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलं पण पाना हातात घेतला नाही. आधी गाडी मेन स्टँडला लावायला सांगितली.

ते पुढचं मी कधी विसरणार नाही म्हणून जसंच्या तसं लिहितो. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकला, मागचं चाक गरगर फिरायला लागलं, तुम्ही मागचा ब्रेक दाबला तर गाडी धक्का देऊन बंद. तुम्ही म्हणालात आत ऑइल असतं त्यामुळे चाक थोडं फिरणारच, पण क्लच सुटत असेल तर ब्रेकने चाक थांबायला पाहिजे, इंजिन नाही. मग बंद गाडीत न्यूट्रल टाकून बघितला, एका टिचकीत लागला. म्हणजे गिअरबॉक्स बरा. मग लिव्हरच्या टोकाशी ढील मोजली, बोटभर, ती १० ते २० मिलिमीटर पाहिजेच म्हणालात, आणि मला लिव्हर दाबायला लावून तुम्ही खाली वाकून इंजिनवरचा आर्म किती सरकतो ते बघितलं. पुरा सरकत होता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वायरनी चूक नही. बिमारी मझार शे." म्हणजे दुखणं आत आहे. पाच मिनिटं पण झाली नसतील नाना, आणि दोन महिने जे कोणी बघितलं नव्हतं ते एकही बोल्ट न खोलता तुम्ही बघितलं.

मग ऑइल काढलं, किक काढली, उजव्या बाजूचं कव्हर उतरवलं. चार स्प्रिंगांचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे, ढिले केले. प्लेटा हातात घेऊन तुम्ही वास घेतला, जळका वास नाही, जाडी पण नव्यासारखीच. लोखंडी प्लेटा दुकानाच्या काउंटरच्या काचेवर एकेक ठेवून बोटाने कडा दाबून बघितल्या, एकही डगडगली नाही. मी तर घाबरलो की आता खरंच इंजिन. तेवढ्यात तुम्ही क्लचची हाउसिंग, म्हणजे प्लेटा जिच्यात बसतात ती वाटी, बाहेर काढली, रॉकेलने धुतली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली, "आठे नख फिराई देख."

फिरवलं. हाउसिंगच्या ज्या खाचांमध्ये प्लेटांचे कान बसतात त्या खाचांच्या कडेवर नख अडकलं. परत पुढे अडकलं. जिथे जिथे प्लेट बसते तिथे तिथे एक बारीक खड्डा, पायऱ्या असाव्यात तशा, डोळ्याला नुसत्या चमकणाऱ्या रेषा दिसत होत्या पण नखाला बरोब्बर कळत होतं. तुम्ही सांगितलं की हाउसिंग ॲल्युमिनियमची, गाडी ओढताना प्लेटांचे कान तिच्यावर सारखे आदळतात, इतक्या वर्षांत घर करतात. लिव्हर दाबला की प्लेटांनी बाजूला सरकून एकमेकींना सोडायला पाहिजे, पण कान त्या खड्ड्यात अडकून बसतात, प्लेटा सुटतच नाहीत, म्हणून गाडी ओढते. नव्या प्लेटा टाकल्या तरी त्या त्याच खड्ड्यात जाऊन बसणार. मला एकदम सगळा दोन महिन्यांचा हिशोब लागला.

मी म्हटलं नवी हाउसिंग आणतो अमळनेरहून, तर तुम्ही नाही म्हणालात. खड्डे उथळ आहेत, कानशीने निघतील, खोल असते तर मीच नवी आणायला लावली असती असं म्हणालात. आणि मग बारीक सपाट कानस घेऊन बसलात, प्रत्येक कडेला मोजून तेवढेच हात, कारण एका बाजूला जास्त घासलं तर सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि फार घासलं तर प्लेटा खडखड वाजतात. त्या उकाड्यात चष्म्यावर घाम पडत होता आणि तुम्ही तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होता. मधेच मला काम दिलं, क्रँकवरचा गोल ऑइल फिल्टर खोलून साफ कर. त्यात काजळासारखा घट्ट गाळ बसलेला, बोटाने काढला मी. कव्हर उघडलंच आहे तर तो साफ न करता बंद करणारा मिस्त्री मला चालत नाही असं तुम्ही म्हणालात, आणि आधी दोनदा ते कव्हर उघडलं होतं नाना, तरी तो गाळ तिथेच होता.

प्लेटा ताज्या ऑइलमध्ये भिजत ठेवल्या तेवढ्यात घरातून काकूंनी चहा पाठवला. कोरड्या प्लेटा कधी बसवायच्या नाहीत, आणि कारचं ऑइल मोटरसायकलीत कधी टाकायचं नाही, त्याने क्लच स्लिप होऊ शकतो, डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घ्यायचं, हे सगळं त्या चहावर शिकलो.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा गाडी चालू केली. पहिला गिअर पडला तो आवाजही आला नाही. ब्रेक दाबला, चाक थांबलं, इंजिन आपलं चालू. आप्पा चालवायचे तेव्हा ही गाडी अशीच चालायची. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, तुम्ही पण विचारलं नाही, त्याबद्दलही आभार.

पैसे तुम्ही नऊशे मिलीच्या ऑइलच्या डब्याचे आणि पॅकिंगचे घेतले, मजुरी घेतलीच नाही. बहिणीला आणायला चालला ना, जा, एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईला मागे बसवून निघालो, उन्हं चढायच्या आत घरी. आईने घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ताईनेच केल्या. गाडी अंगणात उभी होती. भाऊ एक चक्कर मारून आला आणि किल्ली माझ्या हातात दिली, विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि नाना, तुम्ही सांगितलं होतं तसं पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल बदललं. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, उन्हात नेऊन बघितलं. थोडी चमक होती, चुरा नाही. न्यूट्रल अजून एका टिचकीत लागतो. थंडीत भरताची वांगी लागली की काकूंसाठी घेऊन येतो, तेव्हा तुम्हीच एकदा क्लच दाबून बघा.

तुमचा,
काळ्या स्प्लेंडरवाला