पावसाच्या फोटोखाली वेळ आणि दिशाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की वृत्तपत्रांत वाचकांनी पाठवलेले पावसाचे फोटो येऊ लागतात. खाली ओळ असते 'सह्याद्रीचे मनोहारी रूप'. घाट कुठला, वाजले किती, कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे, शटर किती वेळ उघडे, यातले काही नसते. ही माहिती एका ओळीत मावते. यंदाच्या पावसाळी छायाचित्र स्पर्धेत ती सक्तीची करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

दिशा कशाला हवी? वैशाखातला वळीव घ्या. दुपारी तीन-चारनंतर देशावर ढग उभा चढत जातो आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. संध्याकाळी हा ढग पूर्वेला असेल तर मावळतीचे ऊन थेट त्याच्यावर पडून तो तांबूस, कापसासारखा दिसतो. तोच ढग पश्चिमेला असेल तर सूर्य त्याच्या मागे जातो. पोट काळेकुट्ट आणि कडा तेवढी रुपेरी. दिशा छापली नाही तर पहिला फोटो 'रम्य सायंकाळ' ठरतो आणि दुसऱ्याखाली हमखास 'ढगफुटीचे सावट' येते. ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. ती पर्जन्यमापकावर ठरते, ढगाच्या रंगावर नाही.

इंद्रधनुष्याचेही तसेच. ते सूर्याच्या बरोबर समोर, आपल्या सावलीच्या दिशेला पडते आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून दिसतच नाही. म्हणजे भर दुपारचे, किंवा शेजारी सूर्य दाखवणारे इंद्रधनुष्य संगणकावर चिकटवलेले आहे, हे वेळ आणि दिशा वाचूनच कळेल. जाता जाता एक सूचना: पोलरायझर (चकाकी कमी करणारी फिरती काच) लावला असेल तर तो फिरवताना भिंगातून पाहत राहा. चुकीच्या कोनात तो इंद्रधनुष्यच पुसून टाकतो.

शटरचा आकडा त्याहून महत्त्वाचा. हल्ली प्रत्येक धबधबा दुधाचा झाला आहे. एक-दोन सेकंद शटर उघडे ठेवले की पाण्याचे धागे एकमेकांत मिसळतात आणि साय दिसते. सप्टेंबरात पाणी निवळल्यावर हे शोभते. जुलैत ओढा माती घेऊन येतो तेव्हा त्याच पद्धतीने दुधाऐवजी चहा मिळतो. पाण्याचा पोत हवा असेल तर १/१५ ते १/४ सेकंद पुरे. आणि नाणेघाटात तर लांब शटर म्हणजे शुद्ध नासाडी. तिथे कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पडणारी धार उलटी फेकतो. ते थेंब वर उडताना दिसायला १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. दोन सेकंदांच्या फोटोत उरते फक्त धुके, मग धार खाली जातेय की वर, हे सांगायला मथळा लागतो. हेच तुषार समोरून भिंगावरही येतात, म्हणून वाऱ्याला आडवे उभे राहावे, भिंगाला हूड (पुढची झापड) लावावे आणि फोटो नसेल तेव्हा कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे. कड्याच्या टोकाशी जाऊ नये. वारा मध्येच पडतो आणि त्याच्यावर रेललेल्या माणसाचा तोल पुढे जातो.

धुक्यात कॅमेरा फसतो. त्याला सगळे करडे करायची सवय, त्यामुळे पांढरे धुके मळकट येते. प्रकाश अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). नंतर संगणकावर धुके हटवणारी पट्टी ओढून आभाळ काळे करण्याची खोड मात्र सोडा. डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसली की परीक्षकांनी समजावे, पट्टी जास्त ओढली आहे.

आता वीज. ती बोटाने टिपता येत नाही. रात्री कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावावा, दूरच्या दिव्यावर फोकस साधून ऑटोफोकस बंद करावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८ (भिंगाच्या छिद्राचा आकार), शटर १० ते २० सेकंद, आणि एकामागून एक फोटो चालू ठेवावेत. लांब शटरमुळे फोटोत येणारे कण घालवणारी सोय (नॉइज रिडक्शन) बंद हवी. ती चालू असेल तर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद अडकतो, आणि नेमकी त्यातच वीज पडते! जोरदार पावसाच्या जुलैपेक्षा एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात वीज जास्त मिळते.

मात्र वीज आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर. अंतर दहाच्या आत आले की तिकाटणे तिथेच सोडून आत जायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचे नाही. उघडे पठार, कोकणातला कातळाचा सडा, एकटे झाड या जागा बादच समजाव्यात. तिकाटणे कार्बन फायबरचे आहे म्हणून सुरक्षित, हाही गैरसमज. त्यातूनही वीज वाहते. आसऱ्याला पत्र्याच्या टपाची, काचा लावलेली मोटार चालते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप फोनवर असावे.

सामानाचेही सांगायला हवे, कारण बिघडलेले बहुतेक फोटो इथेच बिघडतात. एसी मोटारीतून थंडगार भिंग दमट हवेत काढले की त्यावर बाष्प धरते, आणि कितीही पुसले तरी परत येते. पोहोचण्याआधी पंधरा मिनिटे एसी बंद करा. बॅग न उघडता तशीच बाहेर वीस मिनिटे राहू द्या. बॉडी टिपायला जुना सुती पंचा उत्तम, काचेला मायक्रोफायबरच. समुद्राचे तुषार उडाले असतील तर कोरडे घासू नका, मीठ ओरखडे काढते. आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने टिपून घ्या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवून लेन्स ठेवावी. तांदळात नको, त्याचा भुसा फटीत जातो. कोकणात एक पावसाळा बॅगेत पडलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

राहिली प्रवाहाच्या मधोमध उभे राहून काढलेल्या फोटोंची गोष्ट. २०२४च्या जूनअखेर लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊनही असू शकते. पाणी एकाएकी गढूळ झाले, पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या की काठावर निघायचे, बॅग राहिली तर राहिली. ज्या फोटोत कॅमेरा ओढ्याच्या पात्रात आहे हे उघड दिसते तो कितीही देखणा असो, बाद करावा आणि तसे नियमावलीत आधीच छापावे.

आपले,
निसर्गछायाचित्रण करणारे काही वाचक, पुणे