सँक्शन म्हणजे मंजुरी नव्हे

स्विंडन, इंग्लंड, रविवार

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र गुरुवारी मिळाले. इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या धाकटीला इथल्या सरकारी साहाय्याच्या व्यवहारातले शब्द वाक्यांसह हवे आहेत, असे आपण लिहिले आहे. उत्तर मुद्दाम आपल्याला पाठवते आहे, कारण यांतले निम्मे शब्द तहसील कचेरीत निराधार योजनेच्या फायली हाताळताना रोज आपल्या तोंडी असत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे: शब्द तेच असले तरी इथे त्यांचा अर्थ निराळा आहे.

'सँक्शन' हाच शब्द घ्या. आपल्या कचेरीत केस सँक्शन झाली म्हणजे पैसे सुरू झाले. इथल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे बेकार किंवा कमी मिळकतीच्या लोकांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीत, सँक्शन म्हणजे अटी पाळल्या नाहीत म्हणून केलेली कपात. मी दर शनिवारी वाचनालयातल्या एका खोलीत लोकांना अर्ज भरायला मदत करते, हे आपल्याला ठाऊक आहेच. या गावात पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोवेकर पुष्कळ आहेत. त्यांपैकी पेडण्याकडचे, मराठी शाळेत शिकलेले एक गृहस्थ मागच्या महिन्यात माझ्याकडे आले. गोदामातले काम सुटल्यापासून त्यांचे घर या मदतीवर चालले होते. त्यांच्या ऑनलाइन खात्यात संदेश होता: 'अ सँक्शन हॅज बीन अप्लाइड टु युअर पेमेंट.' अप्लाइड म्हणजे अर्ज आणि सँक्शन म्हणजे मंजुरी, असे जुळवून, वाढीव रक्कम मंजूर झाली असे समजून त्यांनी थकलेले भाडे आठवडाभरात देतो असा घरमालकाला शब्दही दिला होता. खरा अर्थ मला सांगावा लागला. ते काही बोलले नाहीत. फोनची काच शर्टाच्या बाहीने पुसून त्यांनी संदेश पुन्हा एकदा सावकाश वाचला.

वर्क कोचच्या, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीतल्या सल्लागाराच्या, भेटीला ते गेले नव्हते, कारण त्याच सकाळी पत्नीला इस्पितळात न्यावे लागले होते. अशा वेळी जे वाक्य लागते ते दिसायला साधे, पण त्यातले दोन शब्द नियमातलेच आहेत: 'आय हॅड अ गुड रीझन फॉर मिसिंग द अपॉइंटमेंट.' निर्णय पुन्हा तपासावा अशी मागणी करायची, तिला 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' म्हणतात आणि ती साधारणपणे निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत करावी लागते. मँडेटरी अशासाठी, की ही पायरी चढल्याशिवाय बहुतेक बाबतींत लवादापुढे अपील करता येत नाही. इस्पितळाचे पत्र जोडून आम्ही ती मागणी त्याच दुपारी पाठवली.

'क्रेडिट' म्हटले की आपल्या माणसाला उधारी आठवते आणि तो बिचकतो. युनिव्हर्सल क्रेडिट फेडायचे नसते. 2012 च्या कायद्याने आलेली आणि 2013 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली ही मदत सहा जुन्या मदतींच्या जागी आहे. मात्र पहिली रक्कम हाती पडायला सुमारे पाच आठवडे लागतात, आणि तोवर निभावण्यासाठी जो 'अ‍ॅडव्हान्स' मिळतो तो खरोखर कर्ज असतो: 'द अ‍ॅडव्हान्स विल बी डिडक्टेड फ्रॉम माय मंथली पेमेंट्स.'

आता 'अटेंडन्स अलाउन्स'. एका मराठी आजींनी हा अर्ज दोन वर्षे हातात धरला नव्हता. हा हजेरी भत्ता आहे, तेव्हा कुठेतरी जाऊन सही करावी लागणार, आणि आपल्याला तर जिना उतरवत नाही, अशी त्यांची समजूत होती. इथे अटेंडन्स म्हणजे शुश्रूषा. निवृत्तिवेतनाचे वय झालेल्या ज्या माणसाला आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे दुसऱ्याची मदत लागते, त्याच्यासाठी हा भत्ता आहे; त्यात मिळकत पाहिली जात नाही आणि मदतीला खरोखर कोणी आहे की नाही हेही पाहिले जात नाही. अर्ज भरताना मी विचारले, आंघोळ कशी करता? त्या म्हणाल्या, 'माझं मी करते हो.' पुढे कळले की आदल्याच आठवड्यात त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. 'आय मॅनेज' हे वाक्य मी कोणालाही लिहू देत नाही, कारण वाचणारा अधिकारी त्यातून मदतीची गरज नाही असाच अर्थ घेतो. त्याऐवजी 'आय नीड हेल्प विथ वॉशिंग अँड ड्रेसिंग' असे लिहावे. आपल्या बायकांना हे वाक्य लिहिणे किती जड जाते, ते मी जवळून पाहते.

'मीन्स-टेस्टेड' म्हणजे ऐपत पाहून दिलेले. 1931 नंतर बेकारांच्या घरी निरीक्षक येऊन सगळ्या कुटुंबाची मिळकत तपासत, त्यामुळे या शब्दाला इथे अजून कडवट चव आहे. 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स' ही अट आपल्याकडून नव्याने येणाऱ्या बहुतेकांच्या व्हिसावर असते, म्हणजे यांतली बहुतेक दारे त्यांना बंद असतात.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'क्लेम'. आपण ज्याला लाभार्थी म्हणतो, त्याला इथे 'क्लेमंट', म्हणजे दावा करणारा, म्हणतात. इथल्या सामाजिक विम्याचा आराखडा मांडणाऱ्या 1942 च्या अहवालात विल्यम बेव्हरिज यांनी वर्गणीच्या बदल्यात मिळणाऱ्या रकमेवर भर दिला होता. ती रक्कम माणसाची स्वतःची, कोणाची मेहेरबानी नव्हे. शनिवारी येणारी आपली माणसे मात्र 'सरकारकडून काही मिळेल का' असे हळू आवाजात विचारतात. त्यांना मी 'आय अ‍ॅम एन्टायटल्ड टु धिस' हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावते.

या 'एन्टायटल्ड'वर माझे अडले आहे. 'पात्र' म्हटले तर ठरवणारा दुसराच कोणी असतो, आणि 'हक्कदार' म्हटले तर सातबाऱ्यावरच्या नावाची आठवण होते. आपण फायलीवर कोणता शब्द लिहीत होता, ते उलट टपाली कळवावे, म्हणजे शनिवारच्या खोलीतल्या फळ्यावर तोच लिहीन. पेडण्याच्या गृहस्थांना अजून उत्तर आलेले नाही. आले की कळवीन. आईस साष्टांग नमस्कार, धाकटीस आशीर्वाद.

आपली कन्या