भाऊ, प्रमोशनचं सांगतो

लाइपझिग, जर्मनी
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

भाऊले नमस्कार, आईच्या पाया पडतो, वयनीले आठवण सांगजो.

परवा तू "डोकं ठिकाणावर आहे का तुह्यं" म्हणून फोन ठेवून देला, मंग मी लावला तर उचललाच नाई. म्हणून आता लिहूनच पाठवतो व्हॉट्सअपवर, मोठं आहे, रात्री जेवण झाल्यावर वाचजो आणि आईलेबी वाचून दाखवजो, तिले चष्मा सापडत नाई म्हणते.

बातमी तुले अर्धीच समजली. प्रमोशन माह्या हातून गेलं नाई, मीच नाई म्हटलं. साहेबानं चांगलं बोलावून विचारलं होतं, पंधरा-वीस लोकायचं डिपार्टमेंट, पगार बऱ्यापैकी जास्त, कंपनीची गाडी, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस दुसऱ्या प्लांटले जाऊन रायचं. बायकोशी बोललो आणि सोमवारी जाऊन नको म्हणून सांगून आलो. साहेबाले काही वाटलं नाई, इथं लोक म्हणतात असं अधूनमधून. वाटलं ते तुले, आणि ते बरोबरच आहे, बाबा गेल्यावर नऊ एकर कोरडवाहू तू धरली, कापसाच्या चुकाऱ्यातून माही फी तू भरली, तर तुह्या हिशोबानं एवढा खर्च करून बोंडं भरायच्या टायमालेच मी पाणी तोडलं.

आता कारण सांगतो, हसू नको.

इथं ऑक्टोबरमधी रस्त्याच्या कडेनं जंगली चेस्टनटच्या झाडाखाली बियायचा सडा पडते. तपकिरी, गुळगुळीत, सागवानाले पॉलिश मारल्यासारख्या चमकतात, पण खायच्या नाईत त्या. चिन्मयले बालवाडीतून मी आणतो, पंधरा मिनिटाचा रस्ता, त्याले पाऊण तास लागते. एकेक बी उचलते, फिरवून पायते, भोक दिसलं की फेकते, आणि हिरव्या काटेरी कवचात अर्धी फसलेली सापडली तर ती मले देत नाई, ती त्याची. जॅकेटचे दोन्ही खिसे भरले की मंग माह्या खिशात. परवा बायकोनं जॅकेट तसंच मशिनीत टाकलं तर जे खडखड सुरू झालं, खालचे वरती आले विचारायले. तर भाऊ, ते प्रमोशन घेतलं असतं तर महिन्यातून दहा-बारा दिवस हा पाऊण तास दुसऱ्यानं पाह्यला असता, आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तो सायकल मागन, बिया नाई उचलणार. एवढंच कारण आहे, ह्याच्या मागं दुसरं कोणतं मोठं तत्त्वज्ञान शोधू नको.

दुसरी गोष्ट बगीच्याची. तुले फोटो पाठवले होते, तू म्हटलं हे काय खेळणं आहे. इथं शहरातल्या लोकायले भाड्यानं छोटे छोटे तुकडे भेटतात, जास्तीत जास्त 400 चौरस मीटर असा कायदाच आहे, म्हणजे आपले चार गुंठे, आपल्याकडं एवढ्यात धुरा निघून काय उरन! त्यातबी तिसऱ्या हिश्श्यात भाजीपाला-फळं लावा लागते, आणि मधात जी खोपडी असते तिच्यात कायमचं राहता येत नाई. हे सगळं याच गावातून निघालं म्हणतात, श्रेबर नावाचा डॉक्टर होता इथं, तो मेल्यावर 1864 ले त्याच्या नावानं संस्था निघाली, पहिले पोरायले खेळाले मैदान होतं, मंग कडेकडेनं वाफे पडले आणि पोट्ट्यायचं सोडून मायबापच खणू लागले. आमच्या बाजूच्या तुकड्यात एक रिटायर आजोबा आहेत. पहिल्याच दिवशी मी त्यायले विचारलं किती उत्पन्न होते, सवयच आपली, वावर दिसलं की क्विंटल. ते म्हणाले, "जेवढं खाणं होते तेवढं." आणि परत झारी घेऊन टमाट्याच्या बुडाशी पाणी टाकत बसले, एका झाडाले एवढा वेळ की मले वाटे झोपले काय. आता हिवाळ्यासाठी नळ बंद केले, नाईतर पाईपात बर्फ होऊन फुटतात, साडेचारले अंधार पडते, तरी ते आजोबा येतात, खुर्ची टाकून चहा पेतात आणि घरी जातात. काम काहीच नसते तिथं. आणि रविवारी तर जवळपास सगळीच दुकानं बंद, रविवार आरामाचा दिवस म्हणून जपाचा हे जर्मनीच्या 1919 च्या घटनेत लिहिलेलं होतं ते आताच्या घटनेतबी तसंच ठेवलं. सुरुवातीले मले लय राग ये याचा, दूध शनिवारीच आणून ठेवा लागे. आता बरं वाटते.

तू म्हणशीन त्यायचं पोट भरलेलं आहे. आहेच. माह्यंबी भरलेलं आहे, आणि भरलं म्हणून मी नको म्हणू शकलो, हे मले कळते भाऊ. तुले लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा 8110 हमीभाव भेटन का व्यापारी ओलावा दाखवून पाडन, खरेदी केंद्रावर नंबर कधी लागन, बँकेच्या कर्जाचं नवंजुनं कसं करा, एवढं सगळं डोक्यात असताना कोणी येऊन म्हणलं की आजच्या दिवसाचा आनंद घे, तर त्याले दांडक्यानं हाणा लागते. मी तसं म्हणतच नाई.

पण एक पाय. इथं एक जुनी सूतगिरणी आहे, 1884 ची, एका काळी युरोपातल्या मोठ्यातल्या मोठ्या गिरण्यायमधी होती, आता तिथं चित्रकार बसतात. लाल विटायच्या त्या इमारती पाह्यल्या की मले आपली यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे आठवते. तीबी कापसासाठीच टाकली ना इंग्रजायच्या कंपनीनं, आपल्या भागातला कापूस मुंबईले आणि तिथून मँचेस्टरले न्यायले. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, तेबी मँचेस्टरचंच, 1921 मधलं. तुले ते इंजिन चांगलं आठवत असन, मले फक्त डिझेलचं. आत्याकडं जाताना बाबा दारव्ह्यावरून मुद्दाम तिच्यातच बसवत, एसटीनं लवकर होत असताना. गाडी एवढी हळू चाले की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढत, तू एकदा पळसाचं पान तोडाले गेला आणि बाबानं दारातून हात धरून वर ओढलं. मूर्तिजापूर आलं की तूच म्हणे, "आलंबी का?" आता गाडी बंद पडून रूळात गवत वाढलं, ब्रॉडगेज झालं तर चांगलंच होईन, आजारी माणूस न्यायचा असला तर त्या गाडीचं कौतुक कोण करते. पण आत्याकडं गेल्यावर काय केलं ते मले एक अक्षर आठवत नाई, गाडीतलं सगळं आठवते.

तुह्यंबी तसंच आहे, तू कबूल करत नाई एवढंच. मागच्या खेपेले मी आलो तेव्हा वावरात रोडगे केले होते आठव. तू गोवऱ्या रचल्या, कोणाले हात लावू देला नाई, आर पडल्यावर एकेक रोडगा आत दाबला, फिरवला, काढून पोत्यावर घासून राख झटकली, मुठीनं फोडला तर आतून वाफ निघाली आणि तू तुपाची वाटी घेऊन हरेकाच्या ताटात आपल्या हातानं टाकत फिरला. वांग्याची भाजी एवढी तिखट की भाटव्याच्या डोळ्यातून पाणी. त्या चार तासात तू एकदाबी कर्ज म्हटलं नाई, भाव म्हटलं नाई, मोबाईल बंडीत पडला होता. सीतादह्याच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, दिवशीबी तू असाच असतो, दहीभात शिंपडून झाल्यावर पहिलं बोंड वेचतो तेव्हा तुह्या तोंडाकडं पायलं आहे मी. त्यावेळेस भाव निघालेलाबी नसते.

आता खरं मागणं. पोट्टीले अकोल्याले क्लास लावला, चांगलं केलं, हुशार आहे, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेले मार्क पाडन. पण वयनी सांगत होती की दिवाळीतबी तिले दोनच दिवस घरी आणलं, त्यातबी तू सकाळ-संध्याकाळ टेस्टचे मार्क विचारत होता आणि ती पोट्टी जेवता जेवता उठून गेली. भाऊ, डॉक्टर झाली तर आनंदच आहे, नाई झाली तरी ती अठरा वर्षाची पोरगी तर आता आहे ना, ते काही रिझल्टनंतर सुरू होणार नाई. तुले माह्यावर राग काढाचा तेवढा काढ, मी पचवतो, पण तिच्यावर माह्या प्रमोशनचा हिशोब भरून काढू नको. संक्रांतीले तिले तीन-चार दिवस आणजो, पुस्तकं तिथंच राहू दे, रँकचं नाव कोणी काढाचं नाई, आईनंबी नाई.

मी येऊन रायलो तेव्हा. तिकीट काढलं, 10 जानेवारीले नागपूरले उतरतो, चिन्मय आणि त्याची आई संग आहेत. गाडी पाठवू नको, बसनं येतो, चिन्मयले एसटी पायची आहे. गोवऱ्या आईले आत्तापासून थापून ठेवाले सांग, आणि वांगी आपल्याच वावरातली पायजेत, बाजारातली चालणार नाईत. वयनीले विचारजो काय आणू, चॉकलेट सोडून काहीबी सांग म्हणा, मागच्या वेळची अजून फ्रिजात आहेत असं आई म्हणत होती.

फोन उचलत जाय.

तुहा लहान भाऊ