हेमलकसा ट्रिप रविवारी, सगळ्यांनी पूर्ण वाचा

मंडळी, येत्या रविवारी पहाटे ४ वाजता ग्रामपंचायतीसमोरून गाडी निघते, कोणासाठी थांबणार नाही. नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच टाका, लेकरं येणार असतील तर तेही लिहा.

तिथल्या लोकबिरादरी प्रकल्पातले, म्हणजे आमटेंच्या सेवाकार्यातले, प्राणी पाहायचे आहेत. १९७३ मध्ये काम सुरू झालं अन् पुढे शिकारीत आई मेलेली पिल्लं तिथले माडिया आदिवासी लोकं तिथं आणून देऊ लागले, त्यातूनच हे अनाथालय उभं राहिलं. म्हणून प्राणिसंग्रहालय समजून जाऊ नका बाप्पा.

आपल्या कामाचं म्हणजे अस्वल. आता मोहफुलं वेचायचा सीझन येतो, अस्वलालाही तेच फूल पाहिजे, अन् त्याला दिसतं कमी, वासावरच चालतं, आपण अंधारात वाकून वेचत बसलो की एकदम समोरासमोर होतं अन् ते घाबरून अंगावर येतं. म्हणून उजाडल्यावर, चार जणं मिळून, बोलत बोलत जायचं. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी तर नक्की या, त्यांच्यासाठीच खरं म्हणजे ही ट्रिप काढली.

तडसही बघा, मेलेली ढोरं तेच साफ करते.

- पिंजऱ्यात हात, बिस्कीट, काहीच टाकायचं नाही
- फ्लॅश बंद. सेल्फीसाठी जाळीला टेकायचं नाही, मागच्या वेळचे पोट्टे समजले असतील
- डबा अन् पाणी घरून आणा
- आलापल्लीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा नाही, घरी आधीच सांगून निघा