मशीन एकच घ्या, पण करार आधी लिहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

घरपट्टी वाढवायची की खर्च कमी करायचा हा वाद निघाला की कुणीतरी म्हणतंच, शेजारशेजारच्या पालिकांनी काही सेवा मिळून का चालवू नयेत. माझं मत विचाराल तर जरूर चालवाव्यात, पण कुठल्या सेवा आणि कुठल्या अटींवर हे आधी कागदावर यायला हवं. मी बरीच वर्षं एका पालिकेत गाड्यांचं स्टोअर आणि लॉगबुक सांभाळलंय, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे ड्रेनेज साफ करायचं जेटिंग मशीन होतं. लॉगबुकमध्ये दोन एन्ट्रींच्या मधे कधीकधी दीड-दीड महिना गेलेला असायचा, आणि मग तक्रार आली की मशीन काढायला जावं तर बॅटरी उतरलेली, पाइपला चिरा गेलेल्या, एका जागी उभं राहून टायर बसलेले. इन्शुरन्स मात्र वर्षाचा पूर्ण, ऑपरेटरचा पगार पूर्ण. आणि त्याच दिवसांत शेजारची पालिका तसंच मशीन ठेकेदाराकडून तासाच्या भाड्याने आणायची, कारण तिला विकत घेणं परवडत नव्हतं. कुणाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, देवाणघेवाणीचा काही कागदच नव्हता, आणि कागद नसताना पालिकेची गाडी हद्दीबाहेर पाठवली आणि तिथे अपघात झाला तर सही करणारा अडकतो, मग कशाला कोण पाठवेल?

हा प्रयोग जगात नवा नाही. फ्रान्समध्ये १८९० मध्येच कायदा झाला की छोट्या गावांनी मिळून संघ काढावा आणि एखादी सेवा एकत्र चालवावी, तिथे आजही ३४ हजारांवर कम्यून (म्हणजे तिथल्या गाव-शहरांच्या पालिका) आहेत आणि त्यातली बरीच अगदी लहान, एकेकटीला कचऱ्याची गाडी ठेवणं जमणारच नाही. कॅलिफोर्नियातलं लेकवूड १९५४ मध्ये वेगळं शहर झालं तेव्हा त्यांनी स्वतःचं पोलीस खातं उभंच केलं नाही, लॉस एंजेलिस काउंटीशी (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनाशी) करार करून तिच्याकडूनच पोलीस, रस्ते अशा सेवा विकत घेतल्या, आणि नंतर कितीतरी शहरांनी तोच मार्ग धरला. अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्यात साडेपाचशेहून जास्त पालिका आहेत, तिथे २००७ मध्ये सेवा वाटून घेण्यासाठी वेगळा कायदाच केला गेला.

पण म्हणून एकत्र आलं की पैसे वाचतातच असं समजू नये, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फ्रान्सच्याच लेखापरीक्षण न्यायालयाने वेळोवेळी सुनावलंय की संघांचा स्टाफ वाढत गेला पण गावांचा स्टाफ त्या प्रमाणात कमी झाला नाही. म्हणजे काम वर गेलं आणि माणसं खालीही राहिली, नागरिकाला दोन्हीकडचा भार. दुसरं म्हणजे दोन पालिकांचा स्टाफ एका छताखाली आला की पगार जिथे जास्त तिकडेच सगळ्यांचे ओढले जातात (कामगारांच्या बाजूने बघितलं तर ते रास्तच आहे), पण ते आधी हिशोबात धरायला पाहिजे ना. आणि लंडनमधल्या तीन बरोंनी (शहराच्या एकेका भागाच्या पालिका) २०११ पासून मुलांच्या, वृद्धांच्या सेवा मिळून चालवल्या, त्यातल्या दोघींनी २०१७ मध्ये तिसरीपासून वेगळं व्हायचं ठरवलं. लग्नासारखंच आहे हे, मोडायची वेळ आली तर कुणाचं काय हे आधी लिहिलेलं नसेल तर भांडण वकिलांकडे जातं आणि वकिलाची फीसुद्धा करातूनच.

म्हणून माझ्या मते सुरुवात अशा गोष्टींपासून करावी ज्या बहुतेक वेळ पडून असतात किंवा दोन्हीकडे अगदी सारख्या असतात. जड मशीन, पगारबिलाचं आणि करवसुलीचं सॉफ्टवेअर, पाणी तपासायची लॅब, डांबर-पाइपची एकत्र खरेदी. कचरा गोळा करणं हेही लहान गावांना मिळून परवडतं कारण गाडी पूर्ण भरते. अग्निशमनाचं मात्र जपून. तिथे बचतीपेक्षा गाडी किती मिनिटांत पोचते ते बघायचं, एक स्टेशन बंद करून दहा किलोमीटरवरची गाडी दोन गावांना दिली तर कागदावर पैसे वाचतील आणि घर जळून जाईल.

करारात काय हवं तेही सांगतो कारण भांडणं तिथेच होतात. जोराचा पाऊस झाला की दोन्ही गावांना मशीन एकाच दिवशी लागतं, तेव्हा आधी कुणाकडे जाणार? खर्च लोकसंख्येवर वाटायचा की वापराच्या तासांवर? माझं मत, मशीन नुसतं उभं असलं तरी होणारा इन्शुरन्स, पगारासारखा खर्च लोकसंख्येवर आणि डिझेल, झीज तासांवर, नाहीतर मोठ्या गावाला वाटतं आपण लहानाला पोसतोय आणि लहानाला वाटतं आपण नुसतेच पैसे भरतोय. ब्रेकडाऊन झालं तर दुरुस्ती कोण करणार, ऑपरेटर कुणाचा माणूस, त्याला रजा कोण देणार, नागरिकाने तक्रार कुठल्या नंबरवर करायची. हे शेवटचं हमखास विसरलं जातं, मग लोक एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहतात आणि दोन्हीकडे उत्तर एकच, ते काम त्यांच्याकडे आहे.

शिवाय मिळून चालवायचं म्हणून नवीन मंडळ, नवीन अध्यक्ष, नवीन गाडी असं काहीही उभं करू नये. एका पालिकेने सेवा द्यावी, दुसरीने बिल भरावं, लेकवूडचं गणित साधारण तसंच होतं.

आणि दरवर्षी बजेटसोबत एक पान छापावं, एकत्र येण्याआधी दोघांचा मिळून खर्च किती होता, आता किती आहे, किती तास मशीन चाललं, किती तक्रारी आल्या. लॉगबुकही लोकांना बघायला ठेवा, ज्याला शंका असेल तो येऊन एन्ट्री मोजेल.

आपला,
पालिकेचा एक निवृत्त कर्मचारी