गोलकीपरने पुढे येणे नवे नाही

मा. संपादक,
स. न.

आपल्या क्रीडा पुरवणीतील गोलरक्षकांवरचा लेख आवडला, पण त्यातले एक वाक्य खटकले. गोल सोडून पुढे धावणारा गोलकीपर ही अलीकडच्या फुटबॉलची देणगी आहे, असे लेखकाने ठोकून दिले आहे. मी कोल्हापूरचा. तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघाकडून गोलात उभा राहिलो आहे, म्हणून हे पत्र लिहिल्याशिवाय राहवले नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये आर्थर व्हॉर्टन नावाचा गोलकीपर हेच करत होता.

त्याची पद्धत मोठी मजेशीर होती. समोरून चढाई येताना गडी गोलच्या एका बाजूला दबा धरून बसायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी झेप घेऊन चेंडूवर तुटून पडायचा. चेंडू पंजाने थोपवण्यापेक्षा मुठीने ठोसून लांब धाडण्यात त्याचा हातखंडा होता. तेव्हाचे नियमही आजच्यासारखे नव्हते. गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता येई. ही मुभा १९१२ साली गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रापुरती उरली. उलट समोरच्या फॉरवर्डांनी त्याला खांद्याने धक्का मारून चेंडूसकट गोलात लोटले, तर तेही चालत असे. अशा धटिंगणांमध्ये टिकायचे म्हणजे पाय चपळ हवेत. व्हॉर्टनचे होतेच. १८८६ मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर राष्ट्रीय स्पर्धेत त्याने १०० यार्ड बरोबर १० सेकंदांत काढले आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. गोलकीपर सगळ्या संघात वेगवान, असे आमच्या तालमीत कुणाला सांगितले असते तर लोक हसले असते. आमच्याकडे ज्याला पळता येत नाही त्यालाच गोलात उभे करत.

त्याचा जन्म १८६५ चा, गोल्ड कोस्ट म्हणजे आजच्या घानामधल्या अक्राचा. वडील ग्रेनाडाचे मेथॉडिस्ट धर्मोपदेशक, आई तिथल्या फांटी जमातीच्या राजघराण्याच्या नात्यातली. पोराने धर्मप्रचारक व्हावे म्हणून त्याला इंग्लंडला धाडले आणि पोरगा डार्लिंग्टनच्या गोलात जाऊन उभा राहिला! तिथून प्रेस्टन नॉर्थ एंडने त्याला उचलले. १८८७ च्या एफए कपात, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, त्यांच्यासोबत तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढे १८८८-८९ मध्ये याच प्रेस्टनने एकही सामना न हरता लीग आणि कप दोन्ही जिंकले, पण तोवर व्हॉर्टन संघ सोडून गेला होता. पैसे घेऊन खेळायला १८८५ पासून अधिकृत मान्यता होती. त्याने १८८९ मध्ये रॉदरहॅम टाउनशी तसा करार केला. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून त्याचे नाव घेतले जाते ते यामुळे.

वृत्तपत्रांनी त्याला सुखाने खेळू दिले असे मात्र नाही. प्रेस्टनमध्ये असताना एका क्रीडा नियतकालिकाने त्याच्या रंगाचा उद्धार करत, दोन खांबांच्या मधली जागा माकडचेष्टांची नव्हे हे याच्या जाड टाळक्यात शिरत कसे नाही, अशा अर्थाचा टोमणा छापला. पुढे १८९४ मध्ये तो शेफील्ड युनायटेडला गेला, पण तिथे त्याच्या पुढ्यात होता दुसरा गोलकीपर, अगडबंब विल्यम फोक! व्हॉर्टनच्या वाट्याला मोजकेच सामने आले. त्यातला १८९५ चा सुंदरलंडविरुद्धचा सामना पहिल्या विभागातला, म्हणजे लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवरचा होता. मग लहानसहान क्लब, आणि १९०२ मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीत खेळणे संपले.

मध्ये दारूचा गुत्ता चालवून झाला होता. अखेर एडलिंग्टनच्या कोळसा खाणीत मजुरी. १९३० च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा गाठीशी काही नव्हते. कबरीवर दगडही बसला नाही; तो बसायला १९९७ उजाडले. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला, चेंडूवर झेपावलेला.

खरे सांगायचे ते पुढेच आहे. तो जाऊन अकरा वर्षे झाल्यावर, १९४२ च्या जानेवारीत, शेफील्डच्या एका दैनिकात एका वाचकाचे पत्र आले. ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावर रॉदरहॅम विरुद्ध शेफील्ड वेन्सडे सामन्यात या गृहस्थाने व्हॉर्टनला उडी मारून क्रॉसबार धरताना, लोंबकळत चेंडू दोन्ही पायांत पकडताना पाहिले होते. धावत आलेले तीन फॉरवर्ड सरळ जाळ्यात जाऊन कोसळले. पन्नास वर्षांहून जास्त फुटबॉल पाहिले, पण असा बचाव पुन्हा पाहिला नाही, असे त्यांनी लिहिले होते. (मी एकदा बारला लोंबकळलो होतो. चेंडू आत गेला आणि वर प्रशिक्षकांच्या शिव्या खाल्ल्या.)

व्हॉर्टनची ती उडी आज आपल्याला ठाऊक आहे ती या चार ओळींमुळे. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि ब्रिटनमध्ये छपाईच्या कागदावर रेशन होते. तरीही त्या संपादकांनी एका मेलेल्या गोलकीपरसाठी जागा काढली. आपणही काढावी ही विनंती.

आपला,
एक जुना गोलकीपर, कोल्हापूर